खालची मर्यादा

रक्ताचा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला आणि मी तो धड वाचायच्या आत नवऱ्याने, म्हणजे रोहितने, घरच्या ग्रुपवर टाकूनही दिला. खाली लिहिलं, ‘साधनाचं सी-थ्री खूप कमी आलं. सीआरपी नॉर्मल. देवाची कृपा.’

झालं! धडाधड हात जोडलेली चित्रं आली. या घरात कमी म्हणजे चांगलं. सासऱ्यांची साखर कमी आली की आनंद, जाऊबाईंचं कोलेस्टेरॉल कमी आलं की आनंद. मग माझ्याच ल्युपसने काय घोडं मारलंय?

ल्युपसमध्ये शरीराचं संरक्षण करणारी फौज शरीरावरच उलटते, ऊन लागलं की तर जास्तच, हे मी या लोकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगितलंय. सी-थ्री हे रक्तातलं प्रथिन त्या मारामारीत खर्च होतं. ते घटलं म्हणजे आत मारामारी पेटलीय. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, “सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी तपासणी, नॉर्मल दिसली तरी गाफील राहू नका. सी-थ्री घसरलं आणि पाय सुजले, तर त्याच दिवशी या. किडनीचा प्रश्न आहे.” तेव्हा रोहित शेजारीच बसला होता. मान डोलवत होता आणि मोबाइलही बघत होता.

माझे घोटे दोन दिवसांपासून सुजले होते. चपलेचा पट्टा लागत नव्हता.

तेवढ्यात इगतपुरीहून सासूबाईंचा फोन. “लय बरं झालं गं! आता भाताच्या आवणीला ये. रोपं लावाया माणसं मिळंना. अन् आभाळ हाय, ऊन नाय, तुला काय व्हायचं नाय.”

“आई, मला आधी डॉक्टरकडे जायचंय.”

“ते मी पुढच्या आठवड्यावर ढकललंय,” रोहित मागून म्हणाला. “आवणी थांबत नाही ना.”

मी फोन ठेवला. अंगाची लाही लाही झाली होती.

“मला न विचारता?”

“अगं, रिपोर्ट चांगला आलाय. तुला काय आजारीच राहायचंय का?”

हा माणूस सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर सुटे भाग मोजतो. केसभर कमी भरलेला पार्ट लाल डब्यात टाकतो आणि वर घरी येऊन त्याचं कौतुक सांगतो.

“बरं, कंपनीतलं एक सांग,” मी म्हणाले. “पार्टची खालची मर्यादा नव्वद. माप आलं अठ्ठेचाळीस. काय करशील?”

“रिजेक्ट! विचारतेस काय? मशीन तिथल्या तिथे बंद करायचं. पुढचा माल खराब होतो.”

मी रिपोर्ट त्याच्यासमोर धरला. बोट सी-थ्रीच्या ओळीवर ठेवलं. आकडा होता अठ्ठेचाळीस. पुढेच छापलं होतं, नव्वद ते एकशे ऐंशी.

त्याने वाचलं. मग खाली माझ्या पायांकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. स्कूटरची चावी उचलून म्हणाला, “चल. आत्ताच जाऊ.”

मी निघाले. किडनी माझी आहे, रुसून बसायला वेळ नव्हता. इंदिरानगरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो मागे न बघता म्हणाला, “सॉरी गं. मला कळलंच नाही.”

कळलं नाही कसं? एका झटक्यात कळलं की! फक्त त्यासाठी बायको असून भागलं नाही, मला लोखंडाचा तुकडा व्हावं लागलं.