वहिनीचे ‘ऑफन’

माझी वहिनी वर्षातून एकदा घडणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत ‘ऑफन’ म्हणते आणि आठवड्यातून दोनदा घडणाऱ्या गोष्टीला ‘रेअरली’.

ती लिफ्ट दुरुस्त करते. तिच्या कंपनीत पर्यवेक्षकाची जागा निघाली होती. पर्यवेक्षकाला लिफ्ट बंद ठेवण्याचा अधिकार असतो. मेकॅनिकला फक्त तशी विनंती करता येते, आणि वहिनीच्या विनंत्या साहेबांपर्यंत पोचेपर्यंत विरून जात. म्हणून ही जागा तिला मनापासून हवी होती. अडसर एकच होता : परदेशी उत्पादकांशी फोनवर बोलावे लागत असल्याने तोंडी परीक्षा इंग्रजीत होती.

शिकवणी माझ्याकडे आली. मी भौतिकशास्त्र शिकवतो, आणि ज्याला एक अवघड विषय येतो त्याला सगळेच येतात, असा आमच्या घरात समज आहे. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पट्टी चिकटवली. सर्वांत वर ‘ऑलवेज’, तळाशी ‘नेव्हर’, मधे उतरत्या क्रमाने ‘युज्वली’, ‘ऑफन’, ‘समटाइम्स’ आणि ‘रेअरली’. शेजारी समानार्थी शब्द : ‘ऑफन’ला ‘फ्रीक्वेंटली’, ‘रेअरली’ला ‘सेल्डम’. वहिनीने ती चटकन पाठ केली. लिहिताना एकही चूक नाही. बोलायला बसली की घोटाळा.

“तुमची लिफ्ट मजल्यांच्या मधे किती वेळा अडकते?” मी इंग्रजीत विचारले.

“ऑफन.”

“ऑफन?”

“गेल्या वर्षी एकदा अडकली होती की!”

“आणि दादा स्वयंपाक किती वेळा करतो?”

“रेअरली.”

दादा कांदा चिरत होता. सुरी थांबली. “अगं, बुधवार आणि रविवार माझेच असतात ना?”

“बरं, मग सेल्डम,” वहिनीने उदार मनाने शब्द बदलून दिला.

मी प्रथम स्मरणदोष गृहीत धरला, पण पट्टी तर तिला तोंडपाठ होती. मग ती मुद्दाम दादाची फिरकी घेत असावी असे वाटले; पण लिफ्टची फिरकी घेऊन तिला काय मिळणार? शेवटी मी तिला मनात टक्केवारी काढूनच उत्तर द्यायला लावले. परिणाम वाईट झाला. प्रत्येक प्रश्नाला ती छताकडे बघत हिशेब करू लागली.

“भाऊजी, तुमच्या पट्टीनं माझी बोलती बंद केली,” ती म्हणाली. “तिथं मुकं बसण्यापेक्षा चुकीचं बोललेलं बरं.”

परीक्षेच्या दिवशी ती दुपारीच घरी आली आणि तिने हत्यारांची पिशवी खुर्चीवर टाकली.

“काय झालं गं?” आईने विचारले.

“साहेबांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, ऑफन. ते दचकलेच! त्यांची केबिन अकराव्या मजल्यावर आहे.”

“अगं बाई! मग?”

“म्हणाले, ऑफन म्हणजे किती? म्हटलं, वर्षातून एकदा. म्हणाले, याला तुम्ही ऑफन म्हणता? म्हटलं, सर, आत अडकलेल्या माणसाला विचारा.” ती हसू लागली. “इतके हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. म्हणाले, लिफ्ट बंद ठेवायचा अधिकार असंच बोलणाऱ्या माणसाकडे हवा. सोमवारपासून पर्यवेक्षक!”

दादा तिला उचलायला धावला.

“अहो, क्षमतेबाहेरचं वजन उचलू नका!”

त्या गोंधळात मला एक गृहीतक सुचले. दोन प्रश्नांना ती काय उत्तर देईल, ते मी आधीच मनाशी ठरवले आणि मग विचारले, “वहिनी, आई तुमचं कौतुक किती वेळा करते?”

“सेल्डम.”

“काय म्हणाली ती?” आईने मला विचारले.

“क्वचित करतेस, म्हणाली.”

“काय बाई ही! कालच केलं की!”

“आणि मी तुमच्या चुका काढतो, ते?”

“फ्रीक्वेंटली!”

त्या दिवशी मी एकही काढली नव्हती, आदल्या दिवशी एकच. दोन्ही उत्तरे जुळली.

कारण असे आहे. माझी पट्टी एखादी गोष्ट किती वेळा घडते, एवढेच मोजत होती. वहिनी ती किती वेळा घडायला हवी, त्याच्याशी तुलना करून शब्द निवडते. लिफ्ट एकदाही अडकू नये, म्हणून एकदा म्हणजे पुष्कळ. दादाने रोज स्वयंपाक करावा, म्हणून दोनदा म्हणजे थोडे.