गेटवर विचारलेला प्रश्न

शंभुलिंग ढोकीच्या साखर कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होता. अठरा वर्षं फौजेत काढलेला माणूस. आवाज चढवायचा नाही, पण ट्रॅक्टरवाले त्याला वचकून असत. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत जायची, आणि त्या रांगेत भर दुपारी ती बाई उभी असायची.

दोन ट्रॉल्यांच्या मधल्या फटीत. खांद्यावर गाठ मारलेलं पिवळं कापड, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. ती काही मागायची नाही, पुढं यायची नाही. नुसती त्याच्याकडं बघायची. ट्रॉली हलली की त्या जागी पाचट उडताना दिसायचं.

पहिल्यांदा ती दिसली तेव्हा तो धावत रांगेत शिरला होता. एका ड्रायव्हरनं विचारलं, "काय झालं, फौजी?" तो म्हणाला, "काय न्हाय, कुत्रं आडवं आलं." त्याला आता सात वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं; बायकोजवळ, पार्वतम्माजवळही नाही.

यंदा नोव्हेंबरात त्याची भाची शिवांजली घरी आली. ती गावातल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची.

"मामा, सव्वीस तारखेला संविधान दिन हाय. तुमी शाळेत बोलायचं."

"म्या काय बोलू? शिकलेल्या माणसाला बोलवा."

"पोरांना परराष्ट्र धोरण शिकवतेय मी. एक्कावन्नावं कलम हाय, जगात शांतता राहावी म्हणून आपल्या देशानं झटावं. पोरं पाठ करतात अन् विसरतात. त्यांना वाटतं, ते दिल्लीतल्या साहेबांचं काम. तुमी तर युनोची निळी टोपी घालून परदेशात त्याच कामावर व्हता."

तिनं एक पानभर भाषण लिहूनच आणलं होतं. पोरीचं मन मोडवेना, म्हणून त्यानं कागद खिशात घातला.

सव्वीस तारखेला शाळेच्या पटांगणात पोरं रांगेनं बसली होती. उद्देशिका म्हणून झाली. शंभुलिंग उठला, चष्मा लावला आणि वाचू लागला. "भारताच्या शांतिसैनिकांनी जगभर देशाची मान उंचावली..." दोन ओळी झाल्या आणि त्याची नजर वर गेली. शाळेच्या फाटकात ती उभी होती. कारखान्याचं गेट सोडून ती आजवर कुठंच आली नव्हती.

त्यानं कागदाची घडी घातली.

"पोरांनो, ह्यात लिहिलंय ते खोटं न्हाय," तो म्हणाला. "पण म्या केलं ते ह्यात न्हाय. ते सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. त्या देशात दोन जमाती एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. जीव वाचवायला हजारो माणसं त्याच्या पलटणीच्या छावणीत शिरली. पहिल्याच दिवशी कॅप्टन रणधीरसाहेबांनी सगळ्या जवानांना उभं केलं आणि बजावलं, "गेटवर येणाऱ्याची झडती घ्या, हत्यार काढून घ्या. पण जमात विचारायची नाही. आपल्या संविधानात जगण्याचा हक्क नागरिकापुरता नाही, कोणत्याही व्यक्तीला आहे. आपल्याला इथं पाठवणारा देश हे मानतो म्हणून आपण इथं आहोत."

"म्या मान डोलावली," शंभुलिंग म्हणाला. "पण पुढं एक दिवस झडतीतनं सुटलेला एक माणूस आत शिरला अन् त्यानं दोघांवर सुरी चालवली. आतली माणसं आमाला म्हणाया लागली, त्याच्या जमातीतलं कुणी आत घेऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी म्या एकटा गेटवर. ही बाई आली. धावून धावून धाप लागलेली, एक चप्पल वाटंत गेलेली. हातात काय न्हाय. म्या गेट उघडायचं सोडून विचारलं, 'कबिला?' तिकडं जमातीला तोच शब्द हाय. आपल्याकडं म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ऐकलेला, म्हणून लवकर तोंडी बसला व्हता."

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला.

"तिनं माझ्याकडं बघितलं. मग तारेपलीकडच्या माणसांकडं बघितलं. कुठलंबी नाव घेतलं तरी आपलं काय व्हईल, ह्याचा तिनं अंदाज घेतला असंल. काय न बोलता ती वळली. म्या हाक मारली असती तर थांबली असती. मारली न्हाय. सकाळी गस्तीला ती ओढ्यात मेलेली गावली. अन् म्या पहाऱ्याच्या वहीत आदल्या दिवशीच लिहून ठेवलं व्हतं, गेटवर कुणी आलं न्हाय."

त्यानं समोर बसलेल्या पोरांवरून नजर फिरवली.

"साहेबांनी शिकवलं ते म्या ऐकलं व्हतं. पण त्यो प्रश्न म्या हितनं घेऊन गेलो व्हतो. नवा माणूस वेशीत आला की बसा म्हणायच्या आधी आपण काय विचारतो? कुणापैकी तुमी?"

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "आजोबा, मग ती कुणापैकी होती?"

शिवांजली पुढं व्हायला लागली. शंभुलिंगनं तिला हातानं थांबवलं.

"अजून म्हाईत न्हाय, बाळ," तो म्हणाला आणि खाली बसला.

टाळ्या वाजल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी आभार थोडक्यात आटोपले.

दुसऱ्या दिवशी त्यानं रणधीरसाहेबांचा नंबर मिळवून फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तेव्हा बोलला असतात, तर मी तुम्हाला शिक्षा केली असती," साहेब म्हणाले.

"म्हणूनच बोललो न्हाय, साहेब."

"लिहून पाठवा. मी वर देतो. पुढं काय होईल ते सांगता येत नाही." मग म्हणाले, "तिला छावणीमागं पुरलं. खड्डा आतल्याच लोकांनी खणला. तिची जमात तिथं कुणीच विचारली नाही."

शंभुलिंगनं दोन पानं लिहून रजिस्टर पोस्टानं धाडली. उत्तर अजून आलेलं नाही.

शाळेतली गोष्ट पार्वतम्माच्या कानावर गेलीच. एका दुपारी ती डबा घेऊन गेटवर आली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"शिवांजली म्हणाली, बोलता बोलता तुमी सारखं फाटकाकडं बघत व्हता. ती दिसती का तुमाला?"

त्यानं भाकरीचा घास खाली ठेवला. "दिसती."

"आता हाय?"

"लाल ट्रॅक्टरच्या मागं."

पार्वतम्मानं तिकडं बघितलं. तिला ऊस दिसला, धूळ दिसली. ती उठली, माठातनं तांब्याभर पाणी घेतलं, रांगेतून वाट काढत लाल ट्रॅक्टरमागं गेली आणि तांब्या जमिनीवर ठेवून परत आली.

"काय म्हणली ती?" पार्वतम्मानं विचारलं.

शंभुलिंग बघत राहिला. त्या बाईची नजर पहिल्यांदाच त्याच्यावरून ढळली होती. ती खाली, तांब्याकडं बघत होती. पण तिनं तो उचलला नाही.