इस्त्रीच्या चालीवरचं गाणं

इस्त्रीवाल्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वेड होतं ते त्याच्या बायकोला, आणि तेही एकाच गायकाचं. दुकानात दोन टेबलं समोरासमोर, एकावर तो, दुसऱ्यावर ती. सकाळी कपड्यांवर पाणी शिंपडलं की ती मोबाइलची वायर एका कानात खोचायची, दुसरा कान गिऱ्हाइकांसाठी मोकळा ठेवायची आणि गुणगुणायला लागायची. रोज तेच एक गाणं. शब्द नाहीत, नुसता सूर. कॉलरवर एक ओळ, बाह्यांवर दुसरी. पाठीवर इस्त्री लांब फिरायची तसा सूरही लांबायचा. शर्टाची घडी पडली की गाणं संपलं.

"अगं, शब्द तरी म्हण," तो म्हणायचा.

"गाढवाला गुळाची चव काय! कार्यक्रमाला नेईन तुम्हाला, तेव्हा त्याच्याच तोंडून ऐका."

तिकिटं तिनेच काढली होती. कार्यक्रमाचा दिवस उजाडायच्या आत ती गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही.

तो जाणार नव्हता. पण मेहुणी दारात येऊन उभी राहिली. "भाऊजी, ताईने किती हौसेने काढलीत. चला, मी येते सोबत."

मग त्यालाही वाटलं, जावं. ते गाणं एकदा शब्दांसकट ऐकावं. इतकी वर्षं समोरच्या टेबलावरून ती काय म्हणत होती, ते तरी कळेल. तिचं काही नव्याने कळण्यासारखं एवढंच उरलं होतं.

"कुठलं गाणं हो?" वाटेत मेहुणीने विचारलं.

"नाव नाही माहीत."

"मग थोडं म्हणून दाखवा."

"रस्त्यात? लागलं की कळेल. झोपेतसुद्धा ओळखेन मी."

सभागृह खचाखच भरलं होतं. दिवे मालवले, आरडाओरडा झाला आणि गायक आला. बायकोच्या मोबाइलवरच्या फोटोत दिसायचा त्याहून बारका.

"याच्या कॉलरला चुणी पडलीय," इस्त्रीवाला म्हणाला.

"भाऊजी, गाणं ऐका. कपडे कसले बघताय?"

तो ऐकू लागला. एक झालं, दुसरं झालं. प्रत्येक गाणं सुरू होताना तो पुढे सरकायचा, आणि हे नव्हे असं कळलं की मागे टेकायचा. मध्येच एक गाणं असं लागलं की सगळे उठून नाचायलाच लागले. ढोलाचे ठोके छातीत बसत होते. पुढच्यांच्या पाठींमुळे त्याला काही दिसेना. शेजारी मेहुणी तोंडावर ओढणी धरून रडत होती. ताईची आठवण आली असेल, असं समजून त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो पुढच्या गाण्याची वाट बघत बसला.

गायकाने हात जोडले. दिवे लागले. माणसं उठायला लागली, तसा तोही उठला.

"आपलं गाणं म्हटलंच नाही गं त्याने," तो म्हणाला.

"असं कसं? बघू, म्हणा तरी."

आता लाज धरून उपयोग नव्हता. त्याने गुणगुणायला सुरुवात केली. त्याचा उजवा हात आपोआप पुढच्या खुर्चीच्या पाठीवर सावकाश फिरू लागला. मेहुणी आधी हाताकडे बघत राहिली, मग त्याच्या तोंडाकडे.

"भाऊजी, हे झालं की! सगळे नाचत होते ना, तेच. मी रडले, तेच."

"ते? ते कसं असेल? ते किती धावतं."

"ते तसंच आहे. ताईच संथ म्हणायची." तिने तीच ओळ भरभर म्हणून दाखवली, आणि ती तीच होती.

तो खाली बसला. शब्द काय होते, त्याने विचारलं नाही. मेहुणीनेही सांगितले नाहीत.

सकाळी तिने गाणं मोबाइलवर पाठवलं. त्याने दुकानात लावलं. शर्टाची कॉलर पुरी व्हायच्या आत गायक कुठल्या कुठे पोचला. त्याने ते बंद केलं आणि स्वतःच गुणगुणायला लागला, बायकोसारखं, सावकाश. कॉलर निभावली. बाह्यांवर सूर पळायला लागला. पाठीपर्यंत आला तर कानात कालचा ढोल वाजत होता, आणि ती तिथे सूर कसा लांबवायची, ते काही केल्या आठवेना.

समोरच्या टेबलावर न उचललेले गठ्ठे साचले होते. त्याने मोबाइलवरून गाणं पुसून टाकलं. मग दुसरा शर्ट ओढला, पाणी शिंपडलं आणि पुन्हा कॉलरपासून सुरुवात केली.