दिएपच्या लग्नाचं पाकीट

दिएप लाल पत्रिकांचा गठ्ठा घेऊन मशीनच्या रांगेतून येताना दिसली, तशी थोआनं हातातली कात्री मुद्दाम खाली पाडली आणि ती शोधायला शिलाई मशीनखाली वाकली. वाकूनच राहिली. बिन्ह दुओंगच्या या बुटांच्या कारखान्यात इतकी वर्षं काढलेली बाई साहेबाला भीत नाही, लग्नपत्रिकेला भिते. पत्रिका घेतली की पैशांचं पाकीट द्यावं लागतं.

"थोआताई, खाली काय शोधतेस? पत्रिका वर ठेवलीय."

शेजारच्या बायका खुसखुसल्या. त्यांच्या पदरात पत्रिका आधीच पडल्या होत्या. आपण बुडाल्यावर दुसरा बुडताना बघून जरा बरं वाटतं.

दुसऱ्या कुणाचं लग्न असतं तर थोआनं पोट दुखल्याचं सांगितलं असतं. पण दिएप रांगेची प्रमुख. वयानं लहान, पण ओव्हरटाइमला कुणाला ठेवायचं ते तीच ठरवणार. नुसत्या पगारात खोलीचं भाडं आणि तांदूळ निघतो. पोराला जे पाठवायचं ते ओव्हरटाइममधूनच. आणि पोरगा होता हजार मैलांवर वाटावा इतका लांब, थान्ह होआला, सासूपाशी. दोन वर्षांपूर्वी तेतला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, घरी गेली, तेव्हा त्यानं तिला मावशी म्हटलं होतं. या तेतला काहीही झालं तरी जायचं होतं.

घरी नवरा लूक नाळीची भाजी उकडत होता. भाजी मासळीच्या रशात बुडवून खायची आणि उकडल्याचं पाणी लिंबू पिळून सूप म्हणून प्यायचं, हे त्यांचं रोजचं जेवण. घरमालक विजेचे सरकारीपेक्षा जास्त पैसे लावतो, म्हणून पंखा फक्त झोपताना. टीव्हीवर एक गुळगुळीत बाई सांगत असते की रोजची एक कॉफी वाचवा, संसार सावरेल. तिनं एकदा या खोलीत यावं आणि काय वाचवायचं राहिलंय ते दाखवावं.

थोआनं बिस्किटांचे डबे खाली काढले. भाड्याचा डबा, तांदळाचा, पोराचा, गाडीभाड्याचा. लूक पगार आणून तिच्या हातात ठेवायचा आणि त्यानंतर पैशाचा विषय काढायचा नाही. आज काढला.

"लग्नाला न जाता तीन लाख डोंग पाठव. तोच रिवाज आहे."

"आणि ती विचारेल, ताई, का नाही आलीस? जेवायला गेलं की पाच."

पाच लाखांची नोट. आपल्या देशात सगळेच लखपती. पाच लाखांत दोन कोंबड्या येतात.

"मग रिकामं पाकीट टाक," लूक म्हणाला. "वर नाव लिहू नको."

"ती शिवणीतला एक चुकलेला टाका शोधून काढते. बिननावाचं पाकीट कुणाचं, ते तिला कळणार नाही?"

भाड्याच्या डब्याला हात लावता येत नव्हता, तांदळाच्याही नाही. नोट निघाली ती गाडीभाड्याच्या डब्यातून.

लग्नाच्या हॉलच्या दाराशी बदामाच्या आकाराची पेटी होती. थोआनं पाकीट आत सोडलं, नाव ठळक लिहिलेलं. मग ती जेवायला बसली आणि वाढलेलं सगळं खाल्लं. एकेक कोळंबी गिळताना तिला वाटत होतं, आपण थान्ह होआचा रस्ता गिळतोय.

सोमवारी ओव्हरटाइमच्या नावांत तिचं नाव होतं. थोआनं सुटकेचा निःश्वास टाकला. तीन दिवस जादा काम चाललं. चौथ्या दिवशी परदेशातली ऑर्डर रद्द झाली आणि सगळ्यांचाच ओव्हरटाइम बंद झाला. तेतचा बोनसही निम्म्यावर आला. पगार कापणारा माणूस कधी समोर दिसत नाही. दिसतात त्या एकमेकींच्या घामेजलेल्या पाठी.

पाण्याच्या नळापाशी दिएप तिच्याजवळ आली. नवी नवरी जशी लाजत येते तशी नाही, चोरी केल्यासारखी.

"ताई, माझ्या हातात काही नव्हतं गं."

"ठाऊक आहे. पाकीट मी तुला दिलं होतं, कंपनीला नाही."

एवढं बोलून थोआ मशीनकडे परत गेली.

दोघांचं गाडीभाडं आता जमणारच नव्हतं. लूकनं सणाच्या दिवसांत एका गोदामावर राखणदारी धरली आणि म्हणाला, तू जा, पोराला आई लागते, बाप फोनवरही चालतो. एकीच्या भाड्यालाही पैसे कमी पडले. तिकीटवाल्यानं मान वर न करता सांगितलं की गाडीत दोन रांगांच्या मधल्या वाटेत प्लास्टिकचं स्टूल आहे, अर्ध्या पैशात. घेताय की पुढच्या माणसाला देऊ?

तिनं घेतलं. दीड दिवसाचा प्रवास. दोन्ही बाजूंना लोक पाय पसरून झोपलेले, मध्ये ती गुडघे पोटाशी घेऊन. गाडी खड्ड्यातून गेली की स्टूल सरकायचं. सामानाची पिशवी तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही; आत पोराचं नवं जाकीट होतं.

गाव यायच्या आधी गाडी चहाला थांबली. थोआनं तोंड धुतलं, केस विंचरले, ओठांना लाली लावली आणि जागेवरच्या प्रवाशांसारखं पुढच्या दारानं उतरायला मिळावं म्हणून क्लीनरला दादा-बाबा केलं.

सासू फाट्यावर उभी होती. तिच्यामागे पोरगा.

"जागा बरी मिळाली का गं?"

"झोपूनच आले, आई."

पोरानं आजीकडे पाहिलं, मग हिच्याकडे. काहीच म्हणाला नाही. मावशीसुद्धा नाही.

घरी चटईवर ताट मांडलेलं होतं. भात, डुकराचं मटण, आंबवलेले कांदे. सासू म्हणाली, "बस ना. किती वेळ उभी राहशील?"

"असू दे, आई. उभीच बरी आहे मी."

सासूची नजर तिच्या पायांवर गेली. गुडघे धड वाकत नव्हते, सुजलेल्या घोट्यांवर चपलांच्या पट्ट्यांचे वळ होते. सासूनं वाटीत भात वाढून तिच्या हातात दिला.

पोरगा बराच वेळ खालून बघत राहिला. मग त्यानं आपली वाटी उचलली, चटईवरून उठला आणि तिच्या शेजारी उभा राहून जेवू लागला.