वद्य पंचमीचे निमंत्रण

दिनांक १५ डिसेंबर २०००, शुक्रवार. स्थळ उज्जैन, माधव नगर. दुपारचे तीन वाजले तेव्हा माझ्या बैठकीत पाच पाने वाढलेली होती आणि त्यांपैकी एकावरही कोणी बसले नव्हते.

पत्नी अलका जाऊन वर्ष झाले होते. आम्हाला मूलबाळ नाही. फ्रीगंजमधील ज्या कचेरीतून भैरवगढच्या छापील चादरी परदेशी जात, तेथे मी पत्रव्यवहार पाहत असे. तेथील पाच सहकाऱ्यांखेरीज माझ्या घरी येईल असे कोणी उरले नव्हते. वर्षश्राद्धाला त्यांनी जेवावे, एवढीच माझी इच्छा होती.

कचेरीत त्याच वर्षी ईमेल आणि संगणकावरचे सामाईक कॅलेंडर आले होते. ते शिकवणाऱ्या, त्या पाचांपैकीच एक असलेल्या विनोदिनी व्यास यांनी बजावले होते की मजकूर थोडका असावा, तारीख स्पष्ट असावी आणि आलेली पत्रे रोज उघडावीत. मी वाद घातला होता. ज्याला मायना नाही ते पत्र नव्हे, आणि यंत्राने आठवण करून द्यावी इतका मी विसराळू नव्हे, असे माझे म्हणणे होते. तरीही निमंत्रण मी ईमेलनेच, दिवाळीनंतर लगेच धाडले. हिंदीत, रोमन अक्षरांत कोंबून, चार परिच्छेदांचे. श्राद्धाला तिथीच शोभते, म्हणून लिहिले : मार्गशीर्ष कृष्ण पंचमी, दुपारी बारा.

चार वाजता मी कचेरीत गेलो. सगळ्यांचे जेवणाचे डबे केव्हाच धुऊन झाले होते.

"व्यासजी, आज आप में से कोई आया नहीं."

"आज क्या था?"

"अलका का वर्षश्राद्ध."

त्यांनी चष्मा काढला. "वो तो पिछले महीने था न, साहब. आपकी छुट्टी भी थी उस दिन. हम पाँचों गए थे, ताला लगा था. आधा घंटा सीढ़ी पर बैठे. सोलंकीजी बोले, पंडितजी से बहस हो गई होगी, खाना कैन्सल."

त्या दिवशी मी डोळे तपासायला इंदूरला गेलो होतो. त्यानंतर चहाच्या वेळी माझ्याशी कोणी बोलेनासे झाले होते. माझ्या वादांना कंटाळले असतील, असे मी समजलो होतो.

आम्हा मराठी लोकांचा महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. आमचा मार्गशीर्ष वद्य पक्ष म्हणजे त्यांचा पौष कृष्ण; त्यांचा मार्गशीर्ष कृष्ण महिनाभर आधीच, नोव्हेंबरात, होऊन गेला होता. मी 'वद्य'चे 'कृष्ण' केले होते. महिना मात्र तसाच ठेवला होता. कचेरीत मराठी मी एकटाच, त्यामुळे ही चूक माझ्यावाचून कोणाला कळणार नव्हती.

विनोदिनीबाईंनी संगणकावर माझी टपालपेटी उघडली. त्रेचाळीस पत्रे न वाचलेली. त्यांत एक त्यांचे, निमंत्रणाच्या दुसऱ्याच दिवशीचे : 'कैलेंडर में १६ नवंबर डाल दिया है. गलत हो तो बताइए.' दुसरे सोळा तारखेच्या संध्याकाळचे : 'घर बंद था. सब ठीक तो है?'

"तिथि तो सही थी," मी म्हणालो. "हमारे पंचांग से..." आणि पुढे बराच वेळ बोललो.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग संगणक बंद करीत म्हणाल्या, "साहब, चिट्ठी बहुत सुंदर थी. तारीख आपने लिखी नहीं, और जवाब आपने पढ़ा नहीं."