दोनशे छप्पनमध्ये बैल मावले नाहीत

साहेब, माझं माप तुम्ही चोरलंत. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण पुढचं तुम्ही वाचणार नाही. गेमिंग कॉम्प्युटरच्या मागणीपत्रावर एका पोरीने 'हार्ड डिस्क हजार जीबी' असं लिहिलं होतं. मंजुरी देताना तुम्ही त्यावर रेघ ओढून दोनशे छप्पन केलंत. मला त्या रेघेची किळस येते.

मित्रांनो, ती दोनशे छप्पनची डिस्क मीच. माझ्यात फिरणारी चकती नाही, चिपा बसवलेली बोटभर पट्टी आहे मी, पण लोक मला हार्ड डिस्कच म्हणतात. वय अडीच वर्षं. आमच्यात एवढ्यात कुणी म्हातारं होत नाही, तरी मला जुनी ठरवून ड्रॉवरात टाकलं आहे. शेजारी चार स्क्रू आणि सुकलेल्या गोंदाची बाटली.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथे माणसं तोंड झाकून, हातमोजे घालून काम करायची, माझ्यावर धुळीचा कण बसू द्यायची नाहीत. मला वाटलं, जग असंच स्वच्छ असतं. मग खोक्यात बसून मी वाशिमला आले आणि तिथून जीपने आसेगावच्या पुढच्या एका बंजारा तांड्यावर.

तांड्याच्या समाजमंदिरात 'युवा गेमिंग केंद्र' निघालं होतं. कॉम्प्युटरच्या पेटीला काच, आत सात रंगांचे दिवे, समोर शर्यतीच्या गाडीसारखी खुर्ची. फोटोत जे जे दिसतं ते सगळं भारी होतं. मी फोटोत दिसत नाही.

माल उतरवून घ्यायला दौलतसिंग आले होते, तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. केंद्र सांभाळणाऱ्या करणने कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर माझी जागा दिसली दोनशे अडतीस.

"खोक्यावर दोनशे छप्पन, अन् आत दोनशे अडतीस? अठरा कुठी गेले?" दौलतसिंग गरजले.

माल आणणारा माणूस म्हणाला, "आजोबा, कंपनी हजारानं मोजते, कॉम्प्युटर हजार चोवीसनं मोजते. मोजायची रीत वेगळी हाय."

"मले रीत नको शिकवू! मंगरूळच्या बाजारात सोयाबीन घालतो मी. खडखडीत वाळलेल्या मालावर ओलाव्याचा कडता कापतात तिथं. तुही डिस्क काय पावसात भिजली होती?"

सगळा तांडा हसला. अर्धा तास त्या अठरांवर भांडण चाललं. शेवटी त्या माणसाने कंटाळून एक माऊस जास्तीचा दिला. दौलतसिंगांनी मिशीवर ताव देत सही ठोकली.

संध्याकाळी त्यांची नात रुचिका कॉलेजातून आली. मागणीपत्र तिनेच लिहिलं होतं. वहीच्या पानावर तिने हिशोब मांडला होता: कॉम्प्युटरची स्वतःची यंत्रणा साठ, मोठे दोन खेळ तीनशे, त्यांची वाढती अपडेट शंभर, आपल्या कामाला दोनशे, आणि डिस्क गुदमरू नये म्हणून उरलेली जागा मोकळी. डिस्कचं माप असंच काढायचं असतं, मित्रांनो.

"आबा, मी हजार मांगले होते. तुमी अठरासाठी भांडले. बाकीचे साडेसातशे कुठी गेले?"

दौलतसिंग हळूच म्हणाले, "लिवल्यापेक्षा कमी भरलं तं मी भांडतो, बाई. पण त्याहिनं लिवलंच कमी. तिथं काय भांडू?"

आयुष्यभर काट्यावर नजर ठेवलेला माणूस हो तो! कागदावरच माप कापतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, साहेब. कचेरीत नुसत्या टायपिंगच्या कॉम्प्युटरला जी डिस्क देता तीच तुम्ही इथे उतरवलीत.

तरी मी नेटाने काम केलं. कॉम्प्युटर आठ सेकंदांत उघडायचा. करण म्हणायचा, "लहान हाय, पण चपळ हाय." एवढ्या कौतुकावर मी दोन वर्षं काढली.

रुचिका माझ्यात स्वतःचा खेळ बनवू लागली. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घालायचे. त्याला लदेणी म्हणतात. खेळात प्रत्येक बैलावर किती ओझं घालायचं ते आपण ठरवायचं. जास्त झालं की बैल बसतो. मग हाक मारून उठवायचा. ती हाक दिली होती तिच्या आजीने, भुरीबाईने.

भुरीबाई माइकसमोर अशी बसली, जणू समोर खरेच बैल आहेत. "ए सावळ्या! ए हिरा! उठ रे माह्या राजा!" चाळीस बैल, चाळीस नावं, प्रत्येकाची हाक निराळी. सासऱ्याकडून ऐकलेली, दुसऱ्या कुणालाच येत नसलेली. करण फिसकन हसला, तर म्हणाली, "दात नको काढू रे. तुह्या आवाजानं तं शेळी बी उठणार नाई."

रुचिकाला ते सगळं दुसरीकडेही ठेवायचं होतं. पण भिंतीवर तुमची पाटी होती: 'पेन ड्राइव्ह लावण्यास व फाइल बाहेर पाठवण्यास सक्त मनाई.' करण बिचारा म्हणायचा, "लेखी हाय न, रुचिका. माही नोकरी जाईन."

गेल्या उन्हाळ्यात भुरीबाईला लकवा मारला. वाचा गेली. तेव्हापासून ती दर गुरुवारी काठी टेकत यायची, खुर्चीत बसायची आणि एक बटण दाबायची. माझ्यातून तिचा आवाज निघायचा, "उठ रे माह्या राजा!" पडद्यावर सावळ्या उठायचा. म्हातारीचं तोंड एका बाजूने हसायचं. मित्रांनो, माझ्या जन्माचं सार्थक तेवढंच.

मग तुमचा फोन आला, साहेब. पाहणीला येतो म्हणालात. फोटोसाठी तो बंदुकांचा नवा खेळ टाकून ठेवा म्हणालात. त्या खेळाला जागा लागते दीडशे. माझ्याकडे मोकळी होती सत्तर.

"जागा नाई, साहेब," करण म्हणाला.

"त्या पोरीचं काहीतरी पडलंय ना? काढून टाका."

करणने रुचिकाला चार वेळा फोन लावला. ती मंगरूळहून येणाऱ्या एसटीत होती, फोन लागला नाही. शेवटी त्याने पुसायचं बटण दाबलं. पुसण्याआधी कॉम्प्युटरसुद्धा विचारतो, 'नक्की काढायचं का?' तुम्ही, माणूस असून, तेवढंही विचारलं नाहीत. माझ्याच अंगातून एकेक बैल निघून गेला, आणि मी हूं की चूं करू शकले नाही.

तुम्ही आलात. चार मिनिटं गोळ्या झाडल्यात, फोटो काढलेत, भजी खाल्लीत. तेलकट हात त्याच खुर्चीला पुसलेत.

रुचिकाने दोन दिवस शोधलं. माझ्यासारख्या डिस्कमधून पुसलेलं परत येणं कठीण, त्यात वरून दीडशेचा खेळ लिहिलेला. काही मिळालं नाही. करण मान खाली घालून म्हणाला, "माह्यावर थूक, रुचिका."

"तुह्यावर थुकून काय होते, करणदादा? तू तं नुसतं बोट होता."

पुढे तुमचा खेळ अडखळतो अशी तक्रार गेली. आठवड्यात हजारची डिस्क आली, आणि मी त्याच टेबलाच्या ड्रॉवरात गेले! आहे ना किळस येण्यासारखं? बैलांसाठी जी नव्हती, ती बंदुकांसाठी निघाली.

मित्रांनो, डिस्क घ्याल तेव्हा ती जो भरणार आहे त्याला आधी विचारा. आणि जे पुन्हा मिळणार नाही ते दोन ठिकाणी ठेवा, पाटी काहीही म्हणो.

आज गुरुवार आहे. ड्रॉवरातून मला काठीचा आवाज ऐकू येतो. भुरीबाई येऊन बसली आहे. तिने बटण दाबलं. गोळ्या सुटल्या. म्हातारी दचकली. आता ती पडद्यामागे हात घालून चाचपते आहे. तिला विचारायला वाचा नाही, म्हणून मी विचारते. साहेब, तिचे चाळीस बैल कुठे नेलेत? उत्तर द्या. लेखी द्या.