राखमानिनोव्हची भलतीच कबर

आधीच सांगून टाकतो. मी माझ्या वडिलांना भलत्याच कुणाच्या तरी कबरीसमोर उभं केलं आणि ‘हीच ती’ म्हणून सांगितलं. त्यांना दिसत नाही, म्हणून ते खपलं. पुढचं सगळं ऐकून कुणाला माझी कीव येणार असेल तर येऊ नये, एवढ्यासाठी हे पहिल्यांदा.

बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असं ते हसून सांगतात. तरीही वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी ते एकटे विमानात बसून पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत वेस्ट विंडसरला आले. नातीला भेटायला आले, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण राखमानिनोव्ह हा रशियन संगीतकार होता.

पिंपरीच्या ज्या कारखान्यात बाबा इंजिनियर होते, तिथं रशियन यंत्रं आली, तेव्हा त्यांना आठ महिने मॉस्कोला पाठवलं होतं. जाण्याआधी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ते रशियन शिकले. येताना लोकांनी कॅमेरे आणले, बाबांनी तबकड्या आणल्या. त्यातल्या राखमानिनोव्हच्या पियानोवर माझी आई भाळली. तिला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण संथ भाग सुरू झाला की हातातली भाजी तशीच ठेवून बसायची आणि म्हणायची, “हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय हो.” त्याची कबर अमेरिकेत आहे हे कळल्यावर तिनं ठरवूनच टाकलं की तिथं बकुळीचा गजरा वाहायचा. २०१६ साली दोघं आली होती. मी म्हणालो, “आई, या वेळी नको, नेक्स्ट टाइम नक्की.” पुढच्या वेळेपर्यंत ती राहिली नाही.

तर या खेपेला बाबांच्या पिशवीत एक पितळी डबी होती आणि डबीत आईनं ओवलेला शेवटचा गजरा. सुकून तपकिरी झालेला, पण वास तसाच. बकुळीचं असंच असतं.

कबर आहे न्यूयॉर्कच्या उत्तरेला, व्हॅलहाला नावाच्या गावात. आमच्याकडून जायला दोन तास, हडसन नदीवरच्या पुलावर ट्रॅफिक असला तर अडीच. पाच शनिवार मी काही ना काही काढलं. लेक इलाचं स्विमिंग, बायको रुचाची कॉन्फरन्स, ऑफिसातलं माझं सॉफ्टवेअरचं रिलीज. सहाव्या शनिवारी बाबा सकाळी सातला कपडे करून सोफ्यावर बसलेले दिसले. डबी मांडीवर. मग काय करता, दहाला निघालो.

वीस मिनिटांत ऑफिसचा फोन आला. रिलीज फसलं होतं, कस्टमर बोंबलत होता, एक वाजता कॉलवर हजर राहायलाच हवं होतं. खरं तर नसतो राहिलो तर जग बुडालं नसतं. माझ्या हाताखालचा मुलगा ते सांभाळू शकला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ‘बाबा, आज जमत नाही’ हे सहाव्यांदा म्हणायची लाज वाटली. त्या लाजेपायी मी जे केलं ते त्याहून शंभरपट लाजिरवाणं होतं.

आमच्या घराच्या दक्षिणेला, जॅक्सनकडे जाताना, एक रशियन चर्च लागतं. सोनेरी घुमट, मागे दफनभूमी. इलाला राइड्सच्या पार्कला नेताना मी ते कितीदा तरी पाहिलं होतं. मी पुढच्या एक्झिटला गाडी दक्षिणेकडे वळवली.

“पूल गेला का रे?” थोड्या वेळानं बाबांनी विचारलं.

“कधीच गेला. तुम्हाला डुलकी लागली होती.”

“अरेच्चा! हडसन बघायची राहिली की.” आणि ते स्वतःवरच हसले.

तिथं रांगेनं तिरक्या दांडीचे क्रूस उभे होते. त्यातला एक जरा मोठा, पांढरा बघून मी बाबांना हाताला धरून तिथं नेलं. “हीच ती.” दगडावरची अक्षरं मला वाचता येत नव्हती आणि वाचायचा प्रयत्नही मी केला नाही. बाबांनी चपला काढल्या. चर्चची घंटा वाजत होती. ते क्रूसाशी रशियनमध्ये बराच वेळ काहीतरी बोलले. मग मराठीत म्हणाले, “हिनं पाठवलंय. उशीर झाला, माफ करा.” आणि डबी उघडली.

तेव्हा बोलायला हवं होतं. त्यांचा हात डबीतून बाहेर येऊन दगडापर्यंत जाईस्तोवर पाच-सात सेकंद तरी गेले असतील. ‘बाबा, थांबा’ म्हणायला एक सेकंद पुरला असता. मी घड्याळ बघत होतो. पावणेबारा वाजले होते.

त्या दिवसापासून बाबांची तब्येतच पालटली. जेवण वाढलं, इलाला गोष्टी सांगायला लागले. फोनवर पुण्यातल्या एकेकाला कबरीचं वर्णन करायचे. मी शेजारच्या खोलीत असलो की दार लावून घ्यायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर फ्लडलाइट लागले होते. रुचाला सांगितलं. “तू त्यांना आजच्या आज सांग,” ती म्हणाली. मी म्हणालो, “कशाला? किती खूश आहेत ते.” खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्याच्या आनंदाची फार काळजी असते.

आमच्या गावात मुलांकडे आलेल्या आई-वडिलांचा एक गट आहे. दर गुरुवारी लायब्ररीच्या खोलीत जमतात आणि पाळीपाळीनं कुणीतरी बोलतं. मधुमेह, गीता, नर्मदा परिक्रमा. बाबांनी विषय दिला : राखमानिनोव्ह. ते पुण्याला परत जायच्या आधीचा शेवटचा गुरुवार होता. लॅपटॉपवरून संगीताचे तुकडे वाजवायला मी मागे बसलो.

बाबा सुरेख बोलले. तेवीस वर्षांच्या त्या मुलाची पहिली सिम्फनी कशी सपशेल पडली, टीकाकारांनी कसं सोलून काढलं, मग तीन वर्षं त्याच्या हातून जवळजवळ काहीच कसं लिहून झालं नाही. एका डॉक्टरनं रोज समोर बसवून त्याला धीर कसा दिला, आणि पुढचा पियानोचा मोठा तुकडा त्यानं त्या डॉक्टरलाच कसा अर्पण केला. क्रांतीनंतर देश सुटला, तो सुटलाच. अमेरिकेत पोटासाठी गावोगाव पियानो वाजवत फिरला, लिहिणं फारसं झालं नाही. “आणि तो गेल्यावर एका नामांकित संगीतकोशानं लिहिलं, याची लोकप्रियता काही टिकायची नाही!” बाबा थांबले. “तो कोश आज कोण उघडतं? आणि ह्याला ऐकायला आजही हॉल भरतात. कोथरूडला माझ्या बायकोची भाजी करपायची ह्याच्यापायी.” सगळे हसले. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “मी जाऊन आलो त्याच्या कबरीवर. शेजारीच चर्च आहे. सोन्याचा घुमट मला या डोळ्यांनीसुद्धा दिसला. घंटा वाजत होती.”

“चर्च?” पहिल्या रांगेतल्या अहिल्याकाकू म्हणाल्या. त्या बिचाऱ्या सरळ बाई. “मोरेश्वरराव, आम्ही मेमध्येच गेलो होतो, नातीच्या पियानोच्या टीचरनं नेलं होतं. तिथं शेजारी चर्च नाही हो. केवढी मोठी दफनभूमी, नुसती झाडं. थांबा, फोटो आहे माझ्याकडे.”

खोलीत कुजबुज झाली. बाबांनी मान किंचित वळवली, माझ्या दिशेनं. मी उठून उभा राहिलो असतो तर? नाही राहिलो. लॅपटॉपच्या पडद्यामागे मान घातली.

“असेल असेल,” बाबा म्हणाले. “मग माझाच गोंधळ झाला. संग्रामनं बरोबर नेलं होतं. हल्ली दोन ठिकाणं एकात एक मिसळतात हो डोक्यात.”

“होतं असं या वयात,” कुणीतरी समजुतीनं म्हणालं. “काका, एकदा न्यूरोला दाखवून घ्या. लवकर कळलेलं बरं.”

“दाखवतो ना,” बाबा म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तरी बसूनच राहिलो.

गाडीत बसल्यावर मी इंजिन सुरू केलं नाही. “बाबा, सॉरी. उद्याच जाऊ. मी सुट्टी टाकतो. खऱ्या ठिकाणी जाऊ.”

“काय घेऊन जाऊ?” बाबा म्हणाले. “रिकाम्या हातानं जाऊ?”

मी किल्ली काढून मांडीवर ठेवली.

“मला दिसत नाही याचा राग नव्हता रे मला,” ते सावकाश म्हणाले. “म्हटलं, मुलाचे डोळे आहेत. त्याचा तू फायदा घेतलास. लोकांसमोर तुझी अब्रू गेली असती म्हणून मी वेड्यात निघालो. एकदा. पुन्हा निघणार नाही.” बाबांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, “कुणाची कबर होती ती?”

“माहीत नाही. नाव वाचलं नाही.”

“मग तिथंच ने मला. तुझ्या आईचा गजरा कुणाला दिला, ते तरी कळू दे.”

तिथूनच निघालो, ऊन उतरलं होतं तेव्हा पोचलो. बाबा दगडापुढे गुडघ्यावर बसले आणि अक्षरांवरून बोटं फिरवायला लागले. झिजल्यामुळे जिथं अडायची तिथं मी सांगत होतो. “आता आपल्या इंग्लिश पीसारखं. आता उलटा एन. शेवटी उलटा आर.”

“मारिया,” बाबा म्हणाले. “बाई आहे. मी तिला काय काय बोललो त्या दिवशी. तुझ्या संगीतानं आमचा संसार झाला म्हणालो.” पुढचं आडनाव त्यांनी दोनदा उच्चारून पाहिलं. मला सालं विचारली. १९०९, १९७६. हात जोडून तिची रीतसर माफी मागितली, पुन्हा रशियनमध्ये. तेवढं त्या भाषेतलं मला कळलं.

मग त्यांनी न वळता विचारलं, “गजरा आहे का रे?”

गवत नुकतंच कापलेलं होतं. दगडाभोवती नुसत्या हिरव्या काड्या पडल्या होत्या. मी मागच्या रांगेपर्यंत जाऊन पाहिलं, कुंपणापाशी पाहिलं, कचऱ्याच्या पिंपातही हात घातला. आहे म्हणणं किती सोपं होतं! कोपऱ्यात आहे, वाऱ्यानं सरकलाय, नीट ठेवतो. त्यांना कुठं दिसणार होतं?

“नाही, बाबा,” मी म्हणालो. “काही राहिलं नाही.”

ते मग दगडाचाच आधार घेऊन उठले. मी हात पुढे केला, तो त्यांना कडेनं दिसला असणार. त्यांनी धरला नाही. कबरींच्या मधल्या अरुंद वाटेवरून ते एकटेच गाडीच्या दिशेनं चालायला लागले, हात थोडे पसरून. मी दोन पावलं मागे.

“बाबा, समोर दगड आहे. डावीकडून या.”

बाबा थांबले. आणि उजवा पाय हळूच पुढे करून त्यांनी चाचपून पाहिलं, दगड खरंच आहे का ते.